लहान शहराचा हवामान आराखडा: सुरुवात पंपघरापासून

लहान शहराने हवामान बदलासाठी काही करायचं ठरवलं की पहिल्याच बैठकीत दोन सूचना हमखास येतात: झाडं लावू आणि पालिकेच्या इमारतीवर सौर पॅनेल बसवू. दोन्ही कामं करायलाच हवीत, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. आपली वीज कुठे जाते, पाणी कुठे मुरतं आणि कचऱ्याच्या गाडीत नेमकं काय असतं हे शहराला आधी माहीत हवं. त्याशिवाय केलेल्या कामाचा फोटो निघतो, उत्सर्जन किती घटलं ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग या जेमतेम चार हजार वस्तीच्या गावाने १९९० मध्ये ठराव केला की खनिज इंधन टप्प्याटप्प्याने सोडून द्यायचं. हे गाव पुढे जगभर गाजलं ते लाकडापासून ऊर्जा बनवणाऱ्या प्रकल्पांमुळे. पण त्यांनी पहिलं काम केलं ते सार्वजनिक इमारतींमधली ऊर्जेची गळती थांबवण्याचं, आणि त्यातून पालिकेचा ऊर्जेवरचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. लाकडावर चालणारी उष्णतापुरवठा योजना १९९६ मध्ये आली, लाकडापासून वायू बनवणारा प्रकल्प २००१ मध्ये. त्यातला वायूचा प्रकल्प त्याच्या विजेला मिळणारा ठरवून दिलेला चढा खरेदीदर संपल्यावर बंद पडला. इमारतींमध्ये केलेली बचत मात्र कुणाच्या दरावर अवलंबून नव्हती. पुढच्या पायऱ्यांचा क्रम मी याच विचाराने लावला आहे. दहा हजारांपासून लाखभरापर्यंतच्या वस्तीत काम करणारे लोकप्रतिनिधी, पालिकेचे कर्मचारी, शिक्षक आणि धडपडे नागरिक यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पायरी १: माणसं ठरवा

मोठी समिती नेमू नका. पंचवीस जणांच्या समितीत जबाबदारी कुणाचीच नसते. पाच-सहा जण पुरेत, पण ते नेमके हवेत: पाणीपुरवठ्याचा अभियंता, पंप प्रत्यक्ष चालवणारा कर्मचारी, वीजबिलं भरणारा लेखापाल, कचरा संकलनाचा मुकादम आणि बाहेरचे एक-दोन जण. विज्ञानाचे शिक्षक किंवा निवृत्त अभियंते असले तर उत्तम. पंपचालकाला आवर्जून घ्या. कुठला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कुठल्या भागात पाणी चढत नाही, कुठला पंप तापतो हे त्याला जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याही अहवालात सापडत नाही.

यातल्या एकाच्या नावाने लेखी आदेश काढा आणि आठवड्यातला ठरावीक वेळ त्याला या कामासाठी मोकळा करून द्या. नाहीतर ‘इतर कामे सांभाळून’ करायची ही जबाबदारी मार्चअखेरच्या धांदलीत कुठे जाते ते पालिकेत काम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

राजकारणाचं काय? इंग्लंडमधल्या ॲश्टन हेज या हजारभर वस्तीच्या गावाने २००६ मध्ये कार्बन-तटस्थ होण्याचा, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडतो तेवढा भरून काढण्याचा, प्रयत्न सुरू केला, तेव्हा एक पथ्य पाळलं: राजकारण्यांनी सभेला यावं, ऐकावं, भाषण करू नये. त्यामुळे उपक्रमावर कुठल्याही पक्षाचा शिक्का बसला नाही आणि सत्ता बदलली तरी काम थांबलं नाही. हे पथ्य जसंच्या तसं सगळीकडे जमणार नाही, कारण पालिकेचा पैसा लागणार असेल तर ठराव लागणारच. मग निदान तो सर्वपक्षीय असू द्या. मांडणारा एका गटाचा आणि अनुमोदक दुसऱ्या गटाचा, एवढं जरी साधलं तरी पुढच्या निवडणुकीनंतर योजना गुंडाळली जाण्याचा धोका बराच कमी होतो.

पायरी २: दोन वह्या उघडा

उत्सर्जनाचा हिशोब म्हटलं की सल्लागार कंपनी आठवते. पहिल्या वर्षी तिची गरज नाही. मूळ सूत्र सोपं आहे: जितकं इंधन किंवा वीज वापरली, त्याला त्या-त्या इंधनाच्या उत्सर्जन गुणकाने गुणायचं. एक लीटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एक लीटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो, एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमागे सुमारे ३ किलो. विजेचा गुणक देशागणिक बदलतो. निव्वळ कोळशावरच्या विजेत तो युनिटमागे साधारण एक किलो असतो, जलविद्युत जास्त असेल तिथे फारच कमी. आपल्या देशाच्या वीज प्राधिकरणाने जाहीर केलेला आकडा घ्यावा आणि तो कुठल्या वर्षाचा आहे ते शेजारी लिहून ठेवावं.

हिशोबाच्या वह्या दोन ठेवा. पहिली पालिकेच्या स्वतःच्या वापराची: पाण्याचे पंप, पथदिवे, कार्यालयं, शाळा, दवाखाने, सांडपाणी प्रक्रिया, वाहनं, जनरेटर. दुसरी अख्ख्या शहराची: घरं, दुकानं, कारखाने, वाहतूक, कचरा. पहिली वही महिन्याभरात भरता येते, कारण सगळी बिलं पालिकेच्याच कपाटात असतात. दुसरीला वेळ लागेल. वीज कंपनीकडून घरगुती, व्यापारी आणि औद्योगिक वापराची एकूण युनिटं मागा, पेट्रोल पंपांकडून विक्रीचे आकडे मागा. या दुसऱ्या वहीसाठी २०१४ मध्ये आलेली एक जागतिक पद्धत आहे. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आणि सी-४० व इक्ली ही शहरांची जागतिक जाळी यांनी ती तयार केली आणि ती खुली आहे. शहराच्या हद्दीत जळणारं इंधन, बाहेरून येणारी वीज आणि हद्दीबाहेर होणारं पण शहरामुळे होणारं उत्सर्जन असे तीन कप्पे ती करते. पहिल्या वर्षी पहिले दोन कप्पे आणि कचरा एवढं आलं तरी भागतं.

पहिली वही भरताना प्रत्येक वीजमीटर प्रत्यक्ष जाऊन पाहा. ग्राहक क्रमांक, ठिकाण, मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येते ती मर्यादा), बारा महिन्यांची युनिटं, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते ते दाखवणारा आकडा) असे रकाने करा. बंद पडलेल्या विहिरीवरचं मीटर, पाडलेल्या इमारतीचं चालू बिल, दुसऱ्याच कुणाचा वापर पालिकेच्या खात्यावर, अशा गोष्टी या फेरीत सापडण्याची बरीच शक्यता असते. मंजूर भार गरजेपेक्षा जास्त घेतलेला असेल तर स्थिर आकार उगाच भरला जातो. तो अर्ज करून कमी करता येतो. त्याने उत्सर्जन घटत नाही, पण वाचलेले पैसे पुढच्या कामाला येतात, म्हणून हेही याच फेरीत उरकून घ्या.

आकडे शंभर टक्के अचूक असण्याचा हट्ट धरू नका. अंदाज वापरला तिथे ‘अंदाज’ असं लिहा आणि तो कसा काढला तेही लिहा. एक वर्ष आधारवर्ष म्हणून पक्कं करा. ते निवडताना दुष्काळ, महापूर किंवा टाळेबंदीसारखं विस्कटलेलं वर्ष टाळा, नाहीतर पुढची प्रत्येक तुलना फसवी होईल.

पायरी ३: पाणी आणि पंप

बहुतेक लहान शहरांत पालिकेच्या विजेचा मोठा वाटा पाणी उचलण्यावर जातो. इथे वाचवलेलं प्रत्येक युनिट पालिकेच्याच बिलात दिसतं, लोकांच्या सवयी बदलाव्या लागत नाहीत आणि पाणीही वाचतं. म्हणूनच मी या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्यायला सांगतो.

आधी गळती. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, एक रात्र लागते. पहाटे दोन ते चार ही वेळ निवडा, कारण तेव्हा वापर सगळ्यांत कमी असतो. पुरवठा चोवीस तास असेल तर टाकीकडे येणारं पाणी बंद करा, वितरणाचे व्हॉल्व्ह चालू ठेवा आणि टाकीतली पातळी किती उतरते ते दर पंधरा मिनिटांनी लिहा. पुरवठा ठरावीक वेळेचाच असेल तर एक-एक भाग वेगळा करून, घरांच्या टाक्या भरून झाल्यावर हीच चाचणी घ्या. समजा टाकीचा तळ दहा बाय दहा मीटर आहे. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आणि पातळी एक सेंटिमीटर उतरली की हजार लीटर पाणी गेलं. तासाला पाच सेंटिमीटर उतरत असेल तर पाच हजार लीटर, म्हणजे दिवसाला १ लाख २० हजार लीटर. यातून रात्रीचा खरा वापर वजा करा. शिवाय रात्री दाब जास्त असल्याने गळतीही जास्त असते, त्यामुळे दिवसाचा आकडा थोडा कमी धरा. तरीही जे उरतं ते पाहून सभेत शांतता पसरते.

आता हेच पाणी विजेच्या भाषेत मोजू. हजार लीटर पाणी एक मीटर उचलायला, काहीही वाया जात नाही असं धरलं तर, सुमारे २.७ वॅट-तास लागतात (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). नदीपासून टाकीपर्यंतची एकूण उचल ६० मीटर आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर १ लाख २० हजार लीटर वर चढवायला रोज जवळपास ३३ युनिटं लागतात. वर्षाला सुमारे १२ हजार युनिटं. एवढी वीज जमिनीत मुरणाऱ्या पाण्यामागे खर्च होत असते आणि त्यावरचं शुद्धीकरणाचं रसायन वेगळंच. सौर पॅनेलचा विचार करण्याआधी ही गळती बुजवा, म्हणजे पॅनेलही तेवढी कमी लागतील.

गळती कुठे आहे हे शोधायला चाचणी एकेका भागाचे व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा घ्या. ज्या भागाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर टाकीची उतरण एकदम मंदावते, दोषी भाग तो. अनुभवी व्हॉल्व्हमन व्हॉल्व्हच्या दांड्याला कान लावून पाण्याचा आवाज ओळखतात, रात्रीच्या शांततेत तर हे फार चांगलं जमतं. गळती मुख्य नळापेक्षा घराला जोडणी दिलेल्या ठिकाणी जास्त सापडते, तेव्हा तिथे आधी पाहा.

मग पंपांची तपासणी. पंपाने उचललेलं पाणी (हजार लीटरांत) गुणिले एकूण उचल (मीटरांत) गुणिले वरचा २.७ चा आकडा, भागिले घेतलेली वीज (वॅट-तासांत), यावरून कार्यक्षमता निघते. सुस्थितीतला, योग्य क्षमतेचा पंपसंच ६० ते ७० टक्क्यांच्या घरात असतो. झिजलेला किंवा आतली जळालेली तार अनेकदा नव्याने गुंडाळलेली मोटर असलेला संच ४० टक्क्यांच्याही खाली उतरू शकतो. अशा वेळी नवा पंप घेताना ‘जुना पन्नास अश्वशक्तीचा होता, नवाही तेवढाच द्या’ असं करू नका. आजची गरज मोजून मग क्षमता ठरवा. पंप भरधाव चालवायचा आणि अर्धा व्हॉल्व्ह बंद करून प्रवाह रोखायचा, ही पद्धत अनेक पंपघरांत दिसते आणि तिथे वीज निव्वळ वाया जाते. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवला तर वेग ८० टक्क्यांवर आणल्यावर विजेची मागणी तत्त्वतः निम्म्यावर येते. मात्र हा फायदा पूर्णपणे मिळतो तो पाणी मुख्यतः लांब अंतरावर ढकलायचं असेल तेव्हा. उंच चढवायचं असेल तर बचत बरीच कमी होते. विक्रेता हा फरक आपणहून सांगेलच असं नाही, तेव्हा तुम्ही विचारा.

हे सगळं झाल्यावर सौर पॅनेल जरूर लावा, आणि पहिला मान पंपघराला द्या. दिवसा ऊन असताना पाणी उचलून टाकीत साठवायचं आणि संध्याकाळी, सकाळी वाटायचं. विजेची महागडी बॅटरी लागत नाही, उंचावरची भरलेली टाकी तेच काम करते. एक किलोवॅट पॅनेलला साधारण आठ ते दहा चौरस मीटर सावलीविना जागा लागते आणि भरपूर उन्हाच्या प्रदेशात दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. पॅनेल पुसण्याचं काम कुणाचं, हे कंत्राटातच लिहा. धूळ बसलेल्या पॅनेलमधून मिळणारी वीज बघता बघता घटते.

पायरी ४: दिवे आणि इमारती

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही. जुन्या सोडियम दिव्यांच्या जागी एलईडी बसवले की वीज साधारण निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली. फक्त दोन गोष्टी पाहा. दिवे उष्ण पिवळसर प्रकाशाचे आणि खाली प्रकाश टाकणारे घ्या, कारण भगभगीत पांढऱ्या प्रकाशाचा त्रास माणसांना होतो आणि पाखरांनाही. दुसरं म्हणजे दिवसाढवळ्या जळणाऱ्या दिव्यांसाठी टायमर किंवा प्रकाशसंवेदक बसवा. इमारतींमध्ये जुने पंखे बदलून कमी विजेचे बीएलडीसी पंखे आणि छताला पांढरा परावर्तक लेप, ही दोन कामं आधी करा. भर उन्हात गडद छत आणि पांढरं छत यांच्या पृष्ठभागाच्या तापमानात पंचवीस-तीस अंशांचा फरक पडू शकतो. वरच्या मजल्यावरच्या वर्गखोलीत बसणाऱ्या मुलांना तो लगेच जाणवतो.

पायरी ५: कचरा, म्हणजे मिथेन

ओला कचरा डेपोवर ढिगाखाली गाडला जातो तेव्हा त्याला हवा मिळत नाही आणि तो सडून मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांचा विचार केला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो आणि वीस वर्षांचा केला तर सुमारे ८० पट. शिवाय डेपोला लागणाऱ्या आगी याच वायूमुळे भडकतात. लहान शहराच्या हाती असलेला, झटपट परिणाम देणारा उपाय म्हणजे ओला कचरा डेपोवर जाऊच न देणं.

आधी मोजा. आठवड्यातल्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वस्त्यांतल्या गाड्यांतून नमुना घ्या. कचरा ताडपत्रीवर पसरून कालवा, गोलाकार रास करा, तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवून दोन बाजूला काढा. साधारण शंभर किलोचा नमुना उरेपर्यंत हेच करा. मग हातमोजे घालून वेगळं करा आणि वजन लिहा: ओला, कागद, प्लास्टिक, काच, धातू, कापड, डायपर-सॅनिटरी पॅड, बांधकामाचा राडारोडा, उरलेलं. हे केल्याशिवाय कुठलंही यंत्र विकत घेऊ नका. कचऱ्यापासून वीज बनवण्याचा प्रस्ताव घेऊन कुणी आलं तर त्याला हा तक्ता दाखवा आणि विचारा की निम्म्याहून जास्त ओला असलेला कचरा जाळायला वरून किती इंधन लागेल.

घरातच वर्गीकरण झालं पाहिजे, याला पर्याय नाही. जपानमधल्या कामिकात्सु या दीड हजार वस्तीच्या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा केली. तिथले लोक कचरा धुऊन, वाळवून, चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करून केंद्रावर स्वतः नेऊन देतात आणि ओल्याचं खत घरीच करतात. सुमारे ८० टक्के कचरा पुनर्वापरात जातो. हे वाचून दडपण घेऊ नका, इतके प्रकार कुणीही पहिल्या दिवशी करत नाही. इटलीतलं कापान्नोरी आपल्याला जास्त जवळचं वाटेल. सुमारे ४६ हजार वस्तीच्या या गावात रोसानो एर्कोलिनी या प्राथमिक शिक्षकाच्या पुढाकाराने लोकांनी कचरा जाळण्याच्या भट्टीला विरोध केला. पण ते विरोधावर थांबले नाहीत. २००५ पासून एकेका वस्तीत दारोदार संकलन सुरू केलं, आधी छोट्या वस्त्यांत करून पाहिलं, चुका सुधारल्या आणि २०१० पर्यंत सगळीकडे नेलं. मधे २००७ मध्ये शून्य कचऱ्याचं धोरण स्वीकारणारं ते युरोपातलं पहिलं शहर ठरलं.

तुम्हीही एकाच प्रभागापासून सुरू करा. तीन भाग पुरेत: ओला, सुका, घातक-सॅनिटरी. गाडीत कप्पे वेगळे हवेत. लोकांनी वेगळा करून दिलेला कचरा त्यांच्या डोळ्यांदेखत एकाच डब्यात ओतला गेला की विश्वास उडतो आणि पुन्हा मिळवायला फार कष्ट पडतात. मिश्र कचरा आला तर पहिले काही दिवस समजावून सांगा, मग ‘उद्या वेगळा करून द्या’ असं म्हणून परत द्या. सुका कचरा वेचणारी माणसं शहरात आधीपासून असतातच. त्यांना ओळखपत्र, हातमोजे, वर्गीकरणाची छपराखालची जागा आणि विक्रीचा हक्क द्या. त्यांचं काम हिरावून घेणारी कुठलीही व्यवस्था शाश्वत म्हणवून घेण्याच्या लायकीची नाही.

खताचं तंत्र साधं असलं तरी त्यात हयगय चालत नाही. भाज्यांची देठं, उरलेलं अन्न यांत नत्र जास्त असतं; पालापाचोळा, भुसा यांत कार्बन. दोन्हींचं मिश्रण असं हवं की कार्बनचं प्रमाण नत्राच्या २५ ते ३० पट राहील. व्यवहारात ओल्या कचऱ्याइतकाच किंवा थोडा जास्त वाळका पाला मिसळायचा, आकारमानाने. ओलावा ५० ते ६० टक्के: मूठभर मिश्रण घट्ट दाबलं तर बोटांमधून एक-दोन थेंबच यावेत. धार लागली तर पाला वाढवा, भुगा पडला तर पाणी शिंपडा. ढीग आतून ५५ अंशांच्या वर जाऊन काही दिवस तसाच राहिला की रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. तापमान उतरू लागलं की ढीग उलटा. आंबूस, कुजकट वास आला तर आत हवा पोचत नाही असं समजा. शेजारच्या वस्तीची तक्रार येण्याआधी तो ढीग उलटायचा, कारण खत केंद्रं खत चांगलं न झाल्याने बंद पडत नाहीत, वासाच्या तक्रारींनी बंद पडतात.

पायरी ६: ऊन आणि पाऊस यांची तयारी

उत्सर्जन उद्या शून्यावर आणलं तरी वातावरणात साठलेल्या वायूंमुळे तापलेलं हवामान लगेच निवत नाही. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि नाले जुन्या पावसाच्या हिशोबाने बांधलेले असतात. शहराच्या नकाशाची मोठी प्रत काढा, प्रत्येक प्रभागातल्या जुन्याजाणत्यांना बोलवा आणि तीन रंगांनी खुणा करून घ्या: पाणी कुठे तुंबतं, उन्हाळ्यात पाणी कुठे आटतं, दुपारी उभं राहवत नाही अशी जागा कोणती. एका दुपारी तयार झालेला हा नकाशा पुढे अनेक निर्णयांना आधार देतो. बुजवलेले ओढे आणि अतिक्रमण झालेली तळी त्यावर आपोआप उमटतात.

उष्णतेसाठी प्रत्येक प्रभागात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, अंथरुणाला खिळलेल्यांची, पत्र्याच्या छताखाली राहणाऱ्यांची यादी हवी आणि लाटेच्या दिवसांत त्यांच्याकडे रोज कोण डोकावणार त्याची नावं हवीत. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, तो दक्षिण आशियातला पहिला. त्यातली मुख्य गोष्ट कुठल्याही लहान शहराला जमेल: हवामान खात्याचा इशारा ठरावीक पातळीवर गेला की कुणी काय करायचं हे आधीच लिहिलेलं असतं. पाणपोया कुठे, बागा दुपारी उघड्या, दवाखान्यात बर्फ आणि क्षार-साखरेचं पाणी, बांधकाम मजुरांच्या कामाच्या वेळा बदललेल्या.

पावसासाठी साधा हिशोब लक्षात ठेवा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. शंभर चौरस मीटर छतावर वर्षाला ६०० मिलिमीटर पडत असेल तर ६० हजार लीटर. गळती-बाष्पीभवन धरून त्यातलं ४८ हजार सहज हाती लागतं. शाळा आणि पालिकेच्या इमारतींपासून सुरू करा. नवा नाला बांधण्याआधी जुनं तळं मोकळं करा, ते पाणी अडवतंही आणि मुरवतंही.

झाडं आता लावा. रस्त्याच्या ज्या बाजूला दुपारचं ऊन तापतं तिथे, बसथांब्यांवर, शाळेच्या वाटेवर. स्थानिक जातींची, विजेच्या तारांखाली कमी उंचीची. बुंध्याशी मोकळी माती ठेवा, तिथवर काँक्रीट नेऊ नका. आणि किती लावली याचा आकडा जाहीर न करता तीन उन्हाळ्यांनंतर किती जगली याचा करा.

मोठ्या आपत्तीनंतर पुन्हा बांधताना घेतलेला निर्णय पुढच्या पन्नास वर्षांना बांधून ठेवतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं ग्रीन्सबर्ग ४ मे २००७ च्या टोर्नेडोने, म्हणजे जमिनीवरच्या प्रचंड वावटळीने, जवळजवळ संपूर्ण भुईसपाट झालं. तिथल्या लोकांनी पालिकेच्या मोठ्या इमारती ऊर्जा-बचतीच्या सर्वोच्च मानांकनानुसार उभारायचं ठरवलं आणि शेजारी १२.५ मेगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तुमच्याकडे शाळेची नवी इमारत व्हायची असेल तर वादळाची वाट पाहायची गरज नाही, निविदेच्या अटी आत्ताच बदला.

वाहतुकीबद्दल एकच सांगतो, पण ते फार महत्त्वाचं वाटतं. लहान शहर मुळातच चालत आणि सायकलवर फिरता येईल एवढं असतं. ते आपण घालवतो कधी, तर पालिका कार्यालय, महाविद्यालय, रुग्णालय, बसस्थानक एक-एक करून बाह्यवळण रस्त्यावर ‘प्रशस्त जागेत’ हलवतो तेव्हा. प्रत्येक स्थलांतरासोबत हजारो माणसांच्या रोजच्या फेरीत पाच-सहा किलोमीटर वाढतात आणि मग कितीही ई-वाहनं आणली तरी ते भरून निघत नाही. असा प्रस्ताव आला की किती माणसं रोज तिथे कशी पोचणार, याचा तक्ता मागा.

पायरी ७: पैसा आणि मालकी

पहिल्या वर्षी वीजबिलात जी बचत होईल ती सर्वसाधारण निधीत विरघळू देऊ नका. ठराव करून वेगळं खातं उघडा: बचतीचा ठरावीक हिस्सा तिथे जमा होईल आणि तो फक्त पुढच्या ऊर्जा-पाण्याच्या कामांवरच खर्च होईल. गळती दुरुस्तीतून पंप, पंपातून दिवे, दिव्यांतून सौर प्रकल्प असा क्रम लावता येतो. प्रत्येक कामापुढे परतफेडीचा काळ लिहा, लवकर परत येणारी कामं आधी.

मोठ्या प्रकल्पांत लोकांची मालकी ठेवा. डेन्मार्कमधलं साम्सो हे चार हजारांच्या आसपास वस्तीचं बेट १९९७ मध्ये सरकारी स्पर्धा जिंकून अक्षय ऊर्जेकडे वळलं. तिथे जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या आहेत. काही शेतकऱ्यांच्या, काही रहिवाशांच्या सहकारी भागीदारीतल्या, समुद्रातल्या पाच खुद्द पालिकेच्या. ज्याचा स्वतःचा हिस्सा आहे त्याला पातं फिरल्याचा आवाज खुपत नाही. ज्यांच्या घराला स्वतःचं छत नाही अशा भाडेकरूंना सार्वजनिक छतावरच्या सौर प्रकल्पात हिस्सा घेता येतो का, हे तुमच्याकडच्या वीज नियामकाच्या नियमांत तपासून पाहा.

पायरी ८: दरवर्षी एक पान

दोनशे पानी आराखड्यापेक्षा दरवर्षी एक पान काढा आणि ते पालिकेच्या दारात, बाजारात, शाळांत लावा. त्यावर पाच आकडे: हजार लीटर पाण्यामागे लागलेली वीज, रात्रीची गळती, डेपोवर गेलेला कचरा टनांत, तीन वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांपैकी जगलेली झाडं आणि पालिकेचं एकूण उत्सर्जन. शेजारी आधारवर्षाचा आकडा. एखादा आकडा बिघडला असेल तर तोही तसाच छापा आणि कारण लिहा. लपवलेला आकडा लहान शहरात आठवडाभरही लपत नाही.

ॲश्टन हेजमध्ये घरोघरच्या वापराची पाहणी जवळच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी केली. त्यामुळे खर्च वाचला, आकड्यांवर विश्वास बसला आणि पहिल्या दहा वर्षांत गावाचं उत्सर्जन सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. तुमच्या महाविद्यालयालाही हे काम द्या. भूगोल, भौतिकशास्त्र, वाणिज्य अशा तिन्ही शाखांच्या मुलांना त्यात करण्यासारखं भरपूर आहे.

शेवटचं काम बदलीच्या तयारीचं. अधिकारी बदलतात, अभियंते बदलतात, आणि त्यांच्या लॅपटॉपमधली फाइल त्यांच्याबरोबर जाते. म्हणून मीटरची यादी, व्हॉल्व्हचा नकाशा, गळतीच्या चाचणीच्या तारखा आणि कोष्टकं, कंत्राटांच्या मुदती, खत केंद्राचं तापमान, हे सगळं एका जाड नोंदवहीत हातानेही लिहून ठेवा आणि ती वही पंपघरात ठेवा. नवा अभियंता रुजू झाला की कार्यभार हस्तांतराच्या यादीत या वहीची स्वतंत्र ओळ असावी आणि जुन्या-नव्या दोघांनी ती वही घेऊन एक रात्र टाकीपाशी एकत्र चाचणी घ्यावी.